जोण

वर्षातून एकदा कोमुनिदादीच्या कचेरीत जातो मी,
जोण घ्यायला.
एकशे ब्याऐंशी रुपये.
फोंड्याहून जाऊन-येऊन पेट्रोल होतं त्याहून जरा जास्त,
वाटेत चहा-भजी घेतली तर जरा कमी.

कारकून मिंगेल चष्म्यावरून बघतो.
"वांगड तिसरो?"
तिसरा.
बापाचं नाव, आज्याचं, पणज्याचं.
विहिरीच्या पायऱ्या उतरावा तसा तो वहीत खाली जातो
आणि तळाशी त्याला मी सापडतो,
मुलगा होऊन जन्मलो एवढ्या कर्तबगारीवर.
माझी बहीण प्रेमावती त्याच घरात, त्याच खोलीत जन्मली.
तिच्यासाठी वहीत रेघ आखलेली नाही.

सही केली, नोटा मोजल्या.
एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो,
बोट अजून आपसूक ओठाकडे जातं.
खाणवाल्यांच्या नोटांना तांबडी धूळ असायची,
नुस्तेकान्नीच्या नोटा दमट, खवल्याने चिकटलेल्या.
प्लॉट विकणाऱ्यांच्या करकरीत,
त्यांना कसलाच वास नसायचा.
यंत्र सगळ्यांना सारखंच फरफरवायचं.
आणि मी शिक्का मारायचो.
कुठून आले, हा प्रश्न माझ्या पगारात बसत नव्हता.

यंदा मिंगेल कुणाचा तरी फोन घ्यायला बाहेर गेला
तेव्हा कपाटावरची जुनी वही उघडली.
अर्धी वाळवीने माझ्याआधीच वाचलेली.
एका पानावर कुणाचं तरी लफ्फेदार अक्षर:
"अमावास्येच्या भरतीस बांध फुटला. बुजविला.
माणसें चौदा, रात्री तीन. मजुरी भात सात कुडव."
मग ओळ सोडून
गावकारांची नावं, कानामात्रेसकट,
आणि वाचलेल्या पिकातून कुणाला किती वाटा.
माझा पणजा चौथा.
त्याचा वाटा नऊ कुडव.
त्या तीन रात्री तो कुठे होता,
हे लिहायची पद्धत नसावी.

पाकीट खिशात घालून बांधावर गेलो.
ओहोटी लागली होती. खाजनात गुडघाभर कोरगुट,
मानशीची दारं पाण्याच्या रेट्याने
कुणी न सांगता उघडलेली.
पुनो गावड्याचा नातू तिथे जाळं झटकत होता.
पुनो त्या चौदांतला असेल का?
त्याचा बाप असेल?
वही सांगत नाही, मीही विचारलं नाही.
पाकीट पुढे केलं.

"हें कितें?"
"जोण."
"तुमची न्हय?"
"तुझी धर."
तो हसला. बराच वेळ हसला,
बगळा उडून पलीकडच्या मेरेवर जाऊन बसला.
"ह्यात किलोभर सुंगटां पण येत नाहीत, भाऊ,"
म्हणाला, आणि पाकिटाला हातसुद्धा न लावता
माडाच्या झावळीच्या टोपलीतून
दोन ओंजळी सुंगटं पिशवीत घातली माझ्या.
नको म्हणालो. एकदाच म्हणालो.

चिखलात चप्पल रुतली ती त्यानेच काढून दिली.

घरी बायकोने आंबट घालून केली.
"केवढ्याला?" म्हणाली.
घास तोंडात होता, उत्तर द्यायचं टळलं.
गोड होती सुंगटं, खाऱ्या पाण्यातली,
मी दुसऱ्यांदा भात घेतला.

रात्री जमाखर्चाची डायरी काढली, सवयीने.
जमेला एकशे ब्याऐंशी.
नावे टाकायला हात थांबला:
पुनोच्या नातवाचं नाव
मला माहीत नव्हतं.

अंगठ्याच्या नखात अजून चिखल होता,
काळा, वास येणारा.
तो धुतला.
पुढल्या वर्षीही जाईन बहुतेक.